शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिनचे अहवाल पुन्हा पुन्हा जुळत नाहीत, तेव्हा चूक कुठे शोधावी

खरिपाचा भुईमूग फोडून दाणे बाजारात येऊ लागले की दर हंगामात आमच्या प्रयोगशाळेत एकच तक्रार नव्याने येते. व्यापाऱ्याने माल भरण्यापूर्वी आमच्याकडून तपासून घेतलेला असतो आणि अहवालात एकूण अफ्लाटॉक्सिन (बुरशीने तयार केलेले विष) किलोमागे ३ मायक्रोग्रॅम लिहिलेले असते. तोच माल खरेदीदार दुसरीकडे तपासतो तेव्हा २८ येतात, आणि तिसऱ्या ठिकाणी ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळते. साहजिकच पहिला संशय यंत्रावर जातो. एचपीएलसीचा (अर्कातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) स्तंभ बदलला जातो, शोधकाचा (डिटेक्टरचा) दिवा बदलला जातो, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न तसाच समोर येतो. मी या चाचण्या बरीच वर्षे स्वतः हाताने करत आले आहे. या काळात यंत्राचा दोष निघाला असे प्रसंग थोडे आहेत. बहुतेक वेळा चूक नमुना पोत्यातून काढताना झालेली होती, किंवा अर्क यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच्या एखाद्या साध्या पायरीवर. ती कोणत्या क्रमाने शोधावी, हे येथे लिहीत आहे.

आमची पद्धत अनेक प्रयोगशाळांत आहे तीच आहे. दळलेल्या दाण्यांतून मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात विष उतरवून घ्यायचे, तो अर्क पातळ करून अफ्लाटॉक्सिन पकडणाऱ्या प्रतिपिंडांच्या छोट्या स्तंभातून (इम्युनोअफिनिटी कॉलम) सोडायचा, अडकलेले विष शुद्ध मिथेनॉलने सोडवायचे आणि एचपीएलसीवर बी-१, बी-२, जी-१ व जी-२ हे चार घटक प्रतिदीप्तीने, म्हणजे प्रकाश पडल्यावर येणाऱ्या चमकेवरून, मोजायचे. ‘बी’ आणि ‘जी’ ही अक्षरे ब्लू आणि ग्रीन या शब्दांवरून आली आहेत, कारण अतिनील प्रकाशाखाली हे घटक निळे व हिरवट चमकतात. ही जुनी माहिती येथे मुद्दाम देत आहे, कारण पुढे दोष शोधताना या चमकण्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

फरक मालात आहे की प्रयोगशाळेत, हे आधी ठरवा

ज्या लॉटचे अहवाल जुळत नाहीत, त्याच लॉटवर तीन पातळ्यांवर दुहेरी मोजणी करावी. पहिल्या पातळीवर शुद्ध केलेला एकच अर्क यंत्रात दोनदा सोडावा. दुसऱ्या पातळीवर दळून एकजीव केलेल्या एकाच नमुन्यातून दोन स्वतंत्र वजने घ्यावीत आणि दोन्हींची चाचणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगवेगळी करावी. तिसऱ्या पातळीवर त्याच लॉटमधून पुन्हा नव्याने पूर्ण नमुना काढावा, दळावा आणि तपासावा. पहिल्या पातळीवरचे आकडे दोन-तीन टक्क्यांहून अधिक हलत असतील तर यंत्राकडे पाहण्यात अर्थ आहे. पहिली पातळी स्थिर आणि दुसरी हलती असेल, तर दोष दळण्यात, अर्क काढण्यात किंवा शुद्धीकरणात आहे. पहिल्या दोन्ही पातळ्या स्थिर असून फक्त तिसरी हलत असेल, तर प्रयोगशाळेतील काहीही बदलू नये, कारण फरक पोत्यात आहे. या सगळ्याला एक दिवस पुरतो, पण तो दिवस न दिल्यामुळे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

तिसऱ्याच पातळीवर फरक इतका मोठा का निघतो, हे व्यापाऱ्याला समजावताना मी एक हिशेब मांडते. ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी सगळ्या दाण्यांवर सारखी वाढत नाही. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा विषाने भरलेला असतो. एकाच दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमहून अधिक, म्हणजे ग्रॅममागे एक मिलिग्रॅमहून अधिक, अफ्लाटॉक्सिन सापडल्याची नोंद १९६०च्या दशकातील संशोधनात आहे. आता असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा घ्या. त्यात ५०० मायक्रोग्रॅम विष आहे. तो २० किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला, तर सरासरी किलोमागे २५ मायक्रोग्रॅम येते आणि तो सगळा ढीग भारतातील १० ते १५ च्या मर्यादेबाहेर जातो. त्या ढिगात सुमारे ४०,००० दाणे आहेत. त्यातून कोणी एक किलोचा नमुना काढला, तर वीसपैकी एकोणीस वेळा तो दाणा नमुन्यात येणार नाही आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा निघेल. विसाव्या वेळी मात्र तो येईल आणि अहवाल ५०० दाखवेल. दोन्ही अहवाल त्या किलोपुरते अगदी बरोबर असतील, आणि ढिगाबद्दल दोन्ही चुकीचे असतील.

म्हणूनच युरोपीय संघाच्या नमुना काढण्याच्या नियमांत १५ टन किंवा त्याहून मोठ्या शेंगदाण्याच्या लॉटसाठी १०० ठिकाणांहून थोडा थोडा माल घेऊन २० किलोचा एकत्रित नमुना करावा, असे सांगितले आहे. आपल्याकडे ट्रक थांबवून ठेवणे परवडत नाही, म्हणून वरच्या थरातील चार पोत्यांत परखी खुपसून अर्धा किलो दाणे पिशवीत भरले जातात आणि ती पिशवी कुरिअरने आमच्याकडे येते. अशा पिशवीचा अहवाल देताना आम्ही ‘हा निकाल मिळालेल्या नमुन्यापुरता आहे’ हे वाक्य छापतो. मला ते वाक्य पुरेसे वाटत नाही. ज्याला निर्णय घ्यायचा आहे, त्याच्याशी फोनवर बोलून नमुना कसा काढला हे विचारणे आणि पिशवी अपुरी असेल तर तसे स्पष्ट सांगणे हेही तपासणाऱ्याच्या कामातच येते, असे मी मानते.

दळणे आणि स्लरी

वीस किलो नमुना आला तरी प्रश्न संपत नाही. त्यातून मूठभर दाणे घेऊन मिक्सरमध्ये फिरवले, तर आपण पुन्हा त्या अर्ध्या किलोच्या पिशवीपाशीच येतो. सगळाच्या सगळा नमुना दळला पाहिजे आणि मग त्यातून चाचणीपुरता भाग घेतला पाहिजे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. ते दळताना गरम होऊन सुटते, पात्याला लगदा चिकटतो, आणि कडेला भरडच राहिलेले तुकडे तसेच राहतात. दाणे आधी गोठवून थंड करून दळले तर हे कमी होते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पाणी घालून जोरकस मिश्रकात सगळ्याची स्लरी, म्हणजे पातळ एकजीव लगदा, करणे. स्लरीतले कण बारीक असतात आणि कुठूनही ५० ग्रॅम घेतले तरी विष सारखे वाटलेले असते. दुसऱ्या पातळीवरचा फरक आमच्याकडे सर्वांत जास्त याच एका बदलाने कमी झाला.

मात्र स्लरीबरोबर एक नवी चूक घरात येते आणि ती सहज लक्षात येत नाही. समजा २५ ग्रॅम दाणे आणि २५ ग्रॅम पाणी अशी ५० ग्रॅम स्लरी घेतली. पद्धतीत २५ ग्रॅम नमुन्याला ७० टक्के मिथेनॉलचे १२५ मिलिलिटर द्रावण लिहिलेले आहे, म्हणजे ८७.५ मिलिलिटर मिथेनॉल आणि ३७.५ मिलिलिटर पाणी. स्लरीत २५ मिलिलिटर पाणी आधीच आहे, म्हणून वरून ८७.५ मिलिलिटर मिथेनॉल आणि फक्त १२.५ मिलिलिटर पाणी घालायला हवे. कोणी सवयीने तयार बाटलीतले १२५ मिलिलिटर द्रावण ओतले, तर एकूण द्रव १५० मिलिलिटर होतो, हिशेब मात्र १२५ धरूनच होतो आणि निकाल सरळ १७ टक्क्यांनी कमी येतो. शिवाय मिथेनॉलचे प्रमाण ७० वरून ५८ टक्क्यांवर घसरते. चारही घटक सारख्याच प्रमाणात कमी येत असतील आणि कमी येण्याचा आकडा दर वेळी साधारण तेवढाच असेल, तर सर्वांत आधी हे मापच तपासावे.

रिकव्हरी घसरली, तर कोणता घटक घसरला ते पाहा

स्वच्छ नमुन्यात मोजून विष मिसळायचे आणि त्यातील किती परत मिळते ते पाहायचे, ही रिकव्हरीची चाचणी प्रत्येक तुकडीबरोबर केली जाते. किलोमागे १ ते १० मायक्रोग्रॅमच्या पातळीवर ती ७० ते ११० टक्के असावी, असे युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमात दिले होते आणि आम्ही अजूनही तोच पट्टा डोळ्यांसमोर ठेवतो. रिकव्हरी ५५ वर आली की बहुतेक जण चारही घटकांची बेरीज पाहून ‘रिकव्हरी कमी’ असे वहीत लिहितात आणि चाचणी पुन्हा लावतात. दोष शोधण्यासाठी ही बेरीज निरुपयोगी आहे. चारही आकडे वेगवेगळे लिहावेत, कारण कोणता घटक पडला त्यावरून दोषाची जागा जवळजवळ निश्चित करता येते.

फक्त बी-१ आणि जी-१ पडले असतील आणि बी-२ व जी-२ जागेवर असतील, तर अर्क, स्तंभ, दळण यांपैकी कशाकडेही पाहू नये. पाणी असलेल्या वाहक द्रावणात (अर्क यंत्रातून वाहून नेणाऱ्या द्रावणात) बी-१ आणि जी-१ यांची चमक जवळजवळ विझते, बी-२ व जी-२ यांची विझत नाही. म्हणून पहिल्या दोघांना शोधकाआधी ब्रोमीन, आयोडीन किंवा २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने बदलून चमकते करावे लागते. हे रूपांतर अपुरे पडले की नेमके तेच दोघे बुडतात. ब्रोमीनचा विद्युत कोष वापरत असाल, तर वाहक द्रावणात पोटॅशियम ब्रोमाइड आणि नायट्रिक आम्ल घातले आहे का, कोषातून प्रवाह जातो आहे का आणि त्यातील पटल जुने झाले आहे का, हे पाहावे. प्रकाशाची नळी वापरत असाल, तर तिचा दिवा किती तास जळला याची नोंद पाहावी. तो दिवा उघड्या डोळ्यांना पेटलेला दिसतो तेव्हाही त्याची अतिनील ताकद ओसरलेली असू शकते, आणि तेव्हा बी-१ हळूहळू, आठवड्याआठवड्याने कमी होत जातो.

या बाबतीत आमच्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. एका हिवाळ्यात दुपारनंतरच्या नमुन्यांत बी-१ सतत ‘आढळले नाही’ येऊ लागले आणि सकाळचे नमुने मात्र नेहमीसारखे येत होते. स्टँडर्ड, म्हणजे ज्यातील विषाचे प्रमाण आधीच ठाऊक असते ते द्रावण, आम्ही तेव्हा फक्त सकाळी, मोजणीच्या सुरुवातीला सोडत असू, त्यामुळे दिवसभराचे काम कागदावर निर्दोष दिसत होते. चौथ्या दिवशी दोन स्वच्छ निकालांमध्ये यंत्राच्या आलेखावर बी-२ चे बारीक पण स्पष्ट शिखर दिसले आणि शंका आली, कारण शेंगदाण्यात बी-१ शिवाय केवळ बी-२ सापडणे सहसा घडत नाही. शोध घेतल्यावर कळले की वाहक द्रावणाची बाटली दुपारी संपत होती आणि तिच्या जागी दुसऱ्या चाचणीसाठी भरून ठेवलेली, तशीच दिसणारी, ब्रोमाइड नसलेली बाटली लावली जात होती. त्या चार दिवसांत ‘आढळले नाही’ म्हणून गेलेले अहवाल आम्ही परत मागवले, राखून ठेवलेल्या भागांवर चाचण्या पुन्हा केल्या, आणि त्यातील एक लॉट मर्यादेबाहेर निघाला. तो माल चिक्कीसाठी जाणार होता. तेव्हापासून दर आठ नमुन्यांनंतर स्टँडर्ड सोडणे आणि ते जागेवर नसेल तर मधले सगळे निकाल रद्द धरणे हा आमचा नियम आहे. बी-१ शून्य आणि बी-२ हजर असा निकाल कोणीही सहीसाठी पुढे ठेवत नाही.

चुकीने कमी आलेला आकडा चुकीने जास्त आलेल्या आकड्यापेक्षा का वाईट, हे या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत पावसात भिजून बुरशी चढलेला मका खाल्ल्याने ३९७ लोक यकृताच्या विकाराने आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ दगावले. जास्त आलेल्या आकड्याने व्यापाऱ्याचे नुकसान होते आणि पुन्हा चाचणी करून ते बहुधा भरून काढता येते. कमी आलेला आकडा कोणी पुन्हा तपासत नाही, कारण त्याबद्दल तक्रार करणारा कोणी नसतो.

चारही घटक पडले असतील, तर

मग प्रतिपिंडांच्या स्तंभाकडे यावे. आमच्या अनुभवात येथे तीन कारणे पुन्हा पुन्हा सापडतात.

पहिले कारण मिथेनॉलचे आहे. प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि जास्त मिथेनॉलमध्ये ते विषाला धरू शकत नाही. बहुतेक उत्पादकांच्या पत्रकात स्तंभावर जाणाऱ्या द्रवात मिथेनॉल साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असावे असे दिलेले असते. ७० टक्क्यांचा १० मिलिलिटर अर्क फॉस्फेट बफरने ६० मिलिलिटरपर्यंत नेला तर मिथेनॉल १२ टक्क्यांच्या आत राहते. घाई म्हणून तो ३० मिलिलिटरवरच थांबवला तर ते २३ टक्के होते आणि विषाचा मोठा भाग स्तंभातून तसाच वाहून जातो. अशा वेळी जी-२ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पडतो, कारण अनेक स्तंभांची त्याच्यावरची पकड मुळातच सैल असते. म्हणून चारही पडले आहेत पण जी-२ विशेष पडला आहे असे दिसले, की मी आधी मापनलिका आणि वही तपासते.

दुसरे कारण वेगाचे आहे. द्रव सेकंदाला एक-दोन थेंब इतक्या संथपणे जायला हवा. दहा नमुने रांगेत असताना निर्वात पंप वाढवून ते पाच मिनिटांत उरकण्याचा मोह होतो, आणि ढगाळ, नीट न गाळलेला अर्क असेल तर स्तंभ तुंबून तो वेग वाढवावाच लागतो. काचतंतूंच्या गाळणकागदातून पातळ केलेला अर्क पुन्हा एकदा गाळला, तर हा प्रश्न बहुतेक संपतो. विष सोडवतानाही तेवढाच धीर लागतो. मिथेनॉल ओतून ते एखादे मिनिट स्तंभात थांबू द्यावे आणि मग उतरवावे, म्हणजे प्रतिपिंडांची पकड पूर्ण सुटते. स्तंभ शीतकपाटातून काढून थेट वापरू नयेत, ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत.

तिसरे कारण सर्वांत धोक्याचे आहे आणि ते रिकव्हरीत दिसतच नाही. स्तंभात प्रतिपिंड मोजकेच असतात. अनेक स्तंभांची क्षमता १०० नॅनोग्रॅमच्या आसपास असते. वरच्या उदाहरणात १० मिलिलिटर अर्क म्हणजे २ ग्रॅम दाणे झाले. किलोमागे १५ मायक्रोग्रॅम असलेल्या नमुन्यातून स्तंभावर ३० नॅनोग्रॅम जातात, तिथे काही अडचण नाही. ५० असेल तर बरोबर १०० नॅनोग्रॅम होतात. आणि नमुन्यात २०० असतील तर ४०० नॅनोग्रॅम जातात, त्यांतले सुमारे १०० अडकतात, बाकीचे निसटतात, आणि अहवालात ५० च्या आसपास आकडा येतो. दोन प्रयोगशाळांपैकी एकीने ५० आणि दुसरीने २०० लिहिले असेल, तर पहिलीला स्तंभाच्या क्षमतेबद्दल विचारावे. क्षमतेच्या निम्म्यापुढे गेलेला प्रत्येक निकाल अर्क आणखी पातळ करून पुन्हा तपासला पाहिजे.

काच, उजेड आणि ब्लीच

पाण्याचा अंश जास्त असलेल्या द्रावणात अफ्लाटॉक्सिन काचेला चिकटते. पातळ केलेला अर्क संध्याकाळी ठेवून सकाळी स्तंभावर घेतला, तर रात्रभरात काही भाग काचेवर राहिलेला असतो. आम्लाने न धुतलेल्या काचेवर हे अधिक होते. आम्ही नवी काचपात्रे सौम्य सल्फ्युरिक आम्लात काही तास बुडवून, आम्लाचा अंश राहणार नाही इतकी धुऊन मगच वापरतो. अतिनील प्रकाशाने विष विघटित होते, म्हणून खिडकीजवळचे टेबल या कामाला घेऊ नये आणि कुप्या तपकिरी काचेच्या असाव्यात. अर्क नायट्रोजनखाली सुकवावा लागत असेल तर तो गरम करून पार कोरडा ठेवू नये.

याच विषयातली एक गोष्ट थोडी वेगळी आहे. वापरलेली भांडी निर्विष करण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, बुडवली जातात आणि ते योग्यच आहे. पण धुण्याचे काम घाईत झाले आणि ब्लीचचा अंश भांड्यात राहिला, तर पुढच्या नमुन्यातले विषही ते तितक्याच इमानाने नष्ट करते. काही कुप्यांत रिकव्हरी उत्तम आणि काहींत जवळपास शून्य, अशी विचित्र विभागणी दिसली तर ही शक्यता तपासावी. धुतलेल्या भांड्यात थोडे शुद्ध पाणी फिरवून क्लोरीनची पट्टी बुडवली, तर एका मिनिटात उत्तर मिळते.

रिकव्हरी उत्तम, तरीही निकाल चुकीचा

ही अवस्था सर्वांत जास्त फसवते. बाटलीतील स्टँडर्ड वारंवार उघडल्याने त्यातील ॲसिटोनायट्राइल उडून जाते आणि द्रावण लेबलवर लिहिले आहे त्यापेक्षा तीव्र होते. अशा स्टँडर्डशी तुलना केली की प्रत्येक नमुना कमी दिसतो. रिकव्हरी मात्र शंभरच्या जवळ राहते, कारण मिसळलेले विष आणि मोजमापाची रेषा दोन्ही त्याच बाटलीतून आलेली असतात. रिकव्हरीला ही चूक दिसूच शकत नाही. यावर उपाय म्हणजे स्टँडर्डची तीव्रता स्पेक्ट्रोफोटोमीटरवर स्वतंत्रपणे मोजणे. ॲसिटोनायट्राइलमध्ये बी-१ चा मोलर शोषणांक ३५० नॅनोमीटरजवळ २०,७०० धरला जातो आणि रेणुभार ३१२ आहे. त्यामुळे मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या द्रावणाचे एक सेंटिमीटरच्या कुपीत शोषण सुमारे ०.६६ यायला हवे. ०.८० आले तर बाटली बाजूला ठेवावी. याच्या जोडीला प्रमाणित संदर्भ नमुना, म्हणजे ज्यात नैसर्गिकरीत्या बुरशी लागून विष तयार झालेले आहे आणि ज्याचा आकडा अनेक प्रयोगशाळांनी ठरवलेला आहे असा नमुना, वर्षातून काही वेळा चालवावा. वरून मिसळलेले विष दाण्याच्या पृष्ठभागावर असते आणि सहज उतरते. बुरशीने आत तयार केलेले विष दाण्याच्या आतून काढावे लागते, म्हणून अर्क काढण्याची खरी परीक्षा अशाच नमुन्यावर होते.

उलट बाजूची चूकही होते. बी-१ च्या जागी शिखर दिसते, पण ते बी-१ नसते. शेंगदाण्यात हे क्वचित, मिरची-हळदीसारख्या मसाल्यांत जास्त घडते. ओळख पटवायला एक सोपा मार्ग आहे. रूपांतराचा कोष किंवा दिवा बंद करून तोच अर्क पुन्हा सोडावा. खरा बी-१ असेल तर शिखर जवळजवळ नाहीसे होते, आणि ते तसेच उभे राहिले तर तो दुसराच पदार्थ आहे.

एलायझा (प्रतिपिंडांवर आधारलेली झटपट चाचणी) आणि एलसी-एमएस (रेणूच्या वस्तुमानावरून मोजणारे यंत्र) यांबद्दल थोडेच लिहिते. एलायझाचे प्रतिपिंड बी-१ ला पूर्ण आणि जी-२ सारख्या घटकांना कमी प्रतिसाद देतात, त्यामुळे त्याची ‘एकूण’ बेरीज एचपीएलसीच्या बेरजेशी अगदी जुळण्याची अपेक्षा चुकीची आहे. गोदामात माल चाळून काढण्यासाठी ते उत्तम आहे. वादाच्या लॉटवर त्याच्या आकड्याने निर्णय देऊ नये. एलसी-एमएसवर शेंगदाण्याचे तेल आणि इतर घटक संकेत दाबतात, म्हणून नमुन्यासारख्याच पदार्थात बनवलेले स्टँडर्ड किंवा कार्बन-१३ ने खुणावलेले अफ्लाटॉक्सिन वापरल्याशिवाय आकडा मान्य करू नये.

चूक नसतानाही फरक असतो

वरचे सगळे तपासून झाले आणि तरीही एकाच स्लरीवर एका प्रयोगशाळेने ८ आणि दुसरीने १३ लिहिले, तर त्यात दोष शोधत बसू नये. इतक्या सूक्ष्म पातळीवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांमधील सापेक्ष प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती किती विखुरतात याचे माप) २२ टक्क्यांपर्यंत अपेक्षित धरले जाते. त्यावरून हिशेब केला तर १० च्या आसपास दोन प्रयोगशाळांत ६ मायक्रोग्रॅमपर्यंतचा फरक सामान्य ठरतो. वाद होतो तो मर्यादा याच पट्ट्यात असल्यामुळे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा १० आणि पुढील प्रक्रियेच्या मालासाठी १५ आहे. युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांसाठी एकूण ४ आणि एकट्या बी-१ साठी २ आहे. म्हणून अहवाल जुळवताना दोन्हीकडचे आकडे कशाचे आहेत हे आधी पाहावे. एकीने फक्त बी-१ लिहिले आहे का, एकीने रिकव्हरीने भागून दुरुस्त केले आहे आणि दुसरीने नाही का, एकीने टरफलासह शेंगा तपासल्या आणि दुसरीने दाणे, असे झाले आहे का, हे विचारल्यावर निम्मे वाद तेथेच मिटतात.

उरलेल्या वादांसाठी आम्ही आता प्रत्येक लॉटच्या स्लरीचे तीन भाग करतो. एक लगेच तपासला जातो, दुसरा ग्राहकाला सीलबंद दिला जातो, आणि तिसरा उणे २० अंशांवर तिसऱ्या, तटस्थ प्रयोगशाळेसाठी राखला जातो. त्या तिसऱ्या भागावर लॉट क्रमांक, नमुना काढल्याची तारीख, किती ठिकाणांहून किती किलो माल घेतला, दाणे आणि पाणी यांचे प्रमाण आणि आमची रिकव्हरी एवढे लिहिलेले असते. पाण्याचे प्रमाण लिहायला विसरू नये. ते नसेल तर समोरची प्रयोगशाळा स्लरीचे वजनच दाण्यांचे वजन समजते आणि तिचा आकडा निम्म्यावर येतो.